शर्यत एका दिवसाची

मुलगा जर्मनीत, रजा चारच दिवसांची. त्याला बुडापेस्टची फॉर्म्युला वन शर्यत हवी, हिला डॅन्यूबचा काठ. माझ्यातला निवृत्त बँक अधिकारी हिशेबाला बसला. शर्यतीच्या शनिवार-रविवारी हॉटेलं भाव चढवतात. म्हणून शनिवारी पोचायचं, शहर सोमवार-मंगळवारी. हंगेरोरिंग मोड्योरोदला, वीसेक किलोमीटरवर: भुयारी रेल्वे, उपनगरी गाडी, मग उन्हातली पायपीट. तिथली पहिली शर्यत १९८६ची, कम्युनिस्ट राजवटीतली. ४.३८१ किलोमीटरच्या वळणावळणांचे ७० फेरे! मला गाड्यांत काडीचा रस नाही. पण मुलाशेजारी सबंध दिवस बसल्याला सहा वर्षं झाली. हिचे गुडघे दुखतात. म्हणाली, "तुम्ही दोघं जा. मी सेचेनीच्या गरम पाण्यात बसते." तिकिटं दोनच काढली. कानांसाठी कापूस घेतलाय. तो बोलायला लागला की काढून ठेवीन.