डोंगरातल्या खनिजाला पावसाने दिला कस; विहिरींच्या पाण्याशीही आहे संबंध

डिचोली : गोव्यातील डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे या खाणपट्ट्यात डोंगर फोडला की सगळीकडे सारखाच माल निघत नाही. वर कठीण जांभा, त्याखाली ढेकळं आणि भुकटीसारखं खनिज. आणखी खोल गेलं की तांबडे-राखाडी पट्टे असलेला टणक दगड लागतो. त्यात लोखंड साधारण ३५ टक्केच. मग वरच्या मालात ते ५५-६० टक्के कसं?

याचं उत्तर पावसात आहे. अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या या खडकात लोहखनिज आणि सिलिका, म्हणजे वाळूतलंच द्रव्य, यांचे थर एकाआड एक असतात. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि भेगांतून खाली झिरपतं. त्यात सिलिका अगदी सावकाश विरघळून वाहून जाते. हवेचा ऑक्सिजन मिसळलेल्या पाण्यात लोखंड मात्र जवळपास विरघळत नाही. ते जागच्या जागी राहतं. लाखो वर्षं हेच चाललं.

हिशेब सोपा आहे. १०० किलो मूळ दगडात ५० किलो हेमटाइट आणि ५० किलो सिलिका धरा. हेमटाइटमध्ये ७० टक्के लोखंड, म्हणजे ३५ किलो. सिलिकेतली ४० किलो वाहून गेली, तर दगड उरला ६० किलो आणि लोखंड तेवढंच, ३५ किलो. टक्केवारी झाली ५८. लोखंड वाढलं नाही, बिनकामाचं वजन घटलं.

तांब्याचं मात्र उलटं. तिथे धातूच वरच्या थरात विरघळतो आणि भूजलाच्या पातळीजवळ पुन्हा साठतो.

सिलिका गेली तिथे बारीक पोकळ्या राहिल्या. त्यामुळे भुकटी खनिजाचा थर पाणी धरून ठेवतो. खाण भूजल पातळीखाली गेली की पंप लावून पाणी उपसावं लागतं आणि आजूबाजूच्या विहिरी, झरे आटू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं, नंतर डिसेंबर २०२२ मध्ये नव्याने लिलाव सुरू झाले. खाण सुरू झाली की ट्रकवाल्याला काम मिळतं, हे खरंच. पण कसदार माल आणि विहिरीचं पाणी एकाच थरात आहे. किती टन काढायचं हे ठरवताना किती खोल जायचं, हेही ठरवावं लागणार आहे.