हवा विणू या!

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2500 फूट उंचावर आहे. म्हणून जानेवारीतली तिथली सकाळ चांगलीच बोचते. त्याच जिल्ह्यात निपाणीजवळच्या तवंदी घाटातून गार वारा सुटला की शाळेला निघालेल्यांची बोटं पार आखडून जातात. हातमोजे घालावेत, तर पेन नीट धरता येत नाही. मग बोटं मोकळी ठेवून नुसतं मनगट झाकलं तर?

पण गारठतात बोटं, आणि ऊब द्यायची मनगटाला? हो, चालतं! अंगठ्याखाली, मनगटाच्या आतल्या बाजूला दोन बोटं हलकेच टेकवा. टुक टुक लागतंय ना? डॉक्टर नाडी बघतात ती हीच. बोटांना ऊब देणारं रक्त इथूनच जातं, तेही कातडीच्या अगदी जवळून. आता बोटं पटापट मिटा-उघडा आणि कोपराच्या खाली बघा. काय वळवळतंय तिथं? बोटांमध्ये स्नायू नसतातच! त्यांना वाकवणारे मोठे स्नायू राहतात कोपराखाली, आणि त्यांच्या दोरीसारख्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत पोचतात. म्हणजे बोटांची रसद आणि बोटांची दोरी, दोन्ही मनगटातूनच जातात.

आता घरातली उरलेल्या लोकरीची पिशवी शोधा. स्वेटरचा निळा गुंडा, बाळाच्या टोपऱ्यातली पिवळी, कुठली तरी लाल. रंग कितीही वेगळे चालतील, जाडी मात्र सारखी हवी. 4 मिलिमीटरच्या आसपासची क्रोशाची सुई घ्या. मनगटाच्या जरा वरपासून बोटांच्या मुळापर्यंत पोचेल एवढी साखळी घाला. मग उलटून ओळीनं खांब घालत जा. प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर दोन दोरे दिसतात, त्यातल्या मागच्या एकातच सुई घाला. अशानं पट्टीला उभ्या पन्हळी पडतात आणि ती हार्मोनियमच्या भात्यासारखी ताणते-मिटते. पट्टी हाताभोवती पुरली की कडा शिवा, अंगठ्यापुरती फट ठेवा. झालं! आज्जीला विचारलंत तर ती याहून सोपी युक्ती दाखवील, तीच ऐका.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढं आहे. लोकर स्वतः गरम नसतेच. ऊब असते तुमच्या अंगाची. लोकरीचे केस सरळ नसतात, नागमोडी असतात. त्यामुळं ते एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि मधल्या पोकळ्यांत हवा अडकते. एका जागी थांबलेल्या हवेतून उष्णता फार हळू पळते. पाण्यातून ती वीसपटीहून जास्त वेगानं पळते, म्हणून भिजलेली बाही लगेच गार लागते. साखळ्या आणि खांब घालत तुम्ही खरं तर हवाच पकडून ठेवता.

ही युक्ती आपल्या भागातल्या धनगरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दख्खनी मेंढीच्या काळ्या, राठ लोकरीचं घोंगडं ते पावसात डोक्यावरून घेतात. त्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे ते ताठ राहतं. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. निपाणीहून फार लांब नसलेल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते, तेव्हा भंडाऱ्याबरोबर लोकरसुद्धा उधळतात. जिच्यावर घर चालतं, तिचा मान असा!

दुकानातली ‘लोकर’ मात्र बऱ्याचदा ॲक्रिलिक असते. तीही हवा पकडते, पण ओलावा फारसा पीत नाही. आणि खरी लोकर गरम पाण्यात चोळून धुऊ नका हं. तिच्या केसांवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि पट्टी आटून घट्ट होते.

मनगटपट्टी तयार झाली की एक गंमत करा. दोन सारखे पेले घ्या, दोन्हींत सारखं कोमट पाणी ओता. एका पेल्यावर पट्टी चढवा, दोन्हींवर बशी झाका. अर्ध्या तासानं कुठलं पाणी जास्त कोमट राहिलं, ते बोट बुडवून बघा. मग पेले पुसून दोन्हींत बर्फाचा एकेक सारखा खडा टाका, एकावर पुन्हा पट्टी. कुठला खडा आधी विरघळेल? आधी उत्तर वहीत लिहा, आणि मगच बघा.