इंजिनाचा पाणक्या

मोटारगाडीसाठी कर्ज घेणारा ग्राहक व्याजाचा दर, मासिक हप्ता आणि विम्याची रक्कम यांचा हिशोब काटेकोरपणे करतो. त्या हिशोबात सहसा न येणारी एक वस्तू बॉनेटखाली, पट्ट्याच्या आड, अबोलपणे फिरत असते. ती म्हणजे पाण्याचा पंप. गाडीच्या किमतीच्या मानाने त्याचे मोल नगण्य. परंतु तो बंद पडल्यावरही गाडी तशीच दामटली, तर इंजिन निकामी होण्यास काही मिनिटे पुरतात. अशा वेळी विमा मदतीस येईल, ही अपेक्षाही फोल ठरते. कारण आपल्याकडील सर्वसाधारण वाहन विमा पॉलिसीतून झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. गाडी गॅरेजात उभी राहते आणि कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेस खात्यातून वजा होतच राहतो.

इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी स्थूलमानाने एक तृतीयांशच गाडी चालवण्याच्या कामी येते. तितकीच धुराबरोबर बाहेर पडते आणि जवळजवळ तेवढीच इंजिनाच्या धातूत उतरते. ही शेवटची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत वाहून नेण्याचे काम पाण्याचे, आणि त्या पाण्याला फिरते ठेवण्याचे काम पंपाचे. फोर्डच्या विख्यात मॉडेल टी गाडीला १९०८ मध्ये आरंभी पंप होता. पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांनंतर तो काढून टाकण्यात आला. गरम पाणी आपोआप वर चढते, या गुणधर्मावर ती वीस अश्वशक्तीची गाडी निभावून गेली. आजच्या इंजिनांना ती चैन परवडणारी नाही.

पंपाची रचना साधी आहे. पट्ट्यावर फिरणारी पुली, तिच्या दांड्याला आधार देणारे बेअरिंग, दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पात्यांचे चक्र आणि पाणी बेअरिंगपर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये बसवलेले सील. पंपाचे आयुष्य बहुधा या सीलवर अवलंबून असते. त्याच्या एकमेकींवर घासणाऱ्या गुळगुळीत कड्यांना थंडावा आणि वंगण मिळते ते कूलंटमधूनच. म्हणून कूलंट कमी ठेवून गाडी चालवणे किंवा त्यात बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतणे, या दोन्ही गोष्टी सीलच्या जिवावर उठतात. कूलंटमधील गंजरोधक द्रव्येही कालांतराने निष्प्रभ होतात. तेव्हा ते केवळ भरून काढणे पुरेसे नाही, पुस्तिकेत दिलेल्या मुदतीला पूर्ण बदलणे आवश्यक आहे.

सील आणि बेअरिंग यांच्या दरम्यान, पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या वाटेने बाहेर पडते. छिद्राखाली वाळलेला पांढुरका, हिरवा वा गुलाबी डाग दिसला, की पंपाने आपली नोटीस बजावली असे समजावे. ते छिद्र बुजवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. बुजवल्यास पाणी बेअरिंगची वाट धरते. कूलंटच्या टाकीतील पातळी वारंवार उतरत असेल, तर दर आठवड्यास बाटलीभर पाणी ओतून वेळ मारून नेण्यात काहीच शहाणपणा नाही. इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी घरघर आणि हाताने हलवल्यास डगमगणारी पुली (अर्थात इंजिन बंद असताना!) ही बेअरिंग गेल्याची लक्षणे होत. क्वचित थेंबभरही गळती नसते. आतील पाती झिजलेली किंवा दांड्यावर सैल झालेली असतात आणि गाडी घाटात तापते.

तापमानाचा काटा चढला किंवा लाल दिवा लागला, तर वातानुकूलन बंद करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी व इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालील पाणी उसळून हातातोंडाला भाजते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणेही घातकच. ॲल्युमिनियमचे हेड वाकले आणि गॅस्केट उडाले, की खर्च पंपाच्या कैक पटींनी वाढतो.

पंप बदलणे हे कुशल कारागिराचे काम. तरी ग्राहकाने काही बाबींवर लक्ष ठेवावे. काम थंड इंजिनावर सुरू व्हावे. जुने गॅस्केट खरवडताना धातूवर ओरखडे पडू नयेत, बोल्ट सर्व बाजूंनी सारखे व ठरावीक ताकदीने आवळले जावेत. पंप टायमिंग बेल्टवर चालणारा असेल, तर बेल्टच्या मुदतीलाच दोन्ही एकत्र बदलणे हितावह. मजुरी मुख्यत्वे तेथवर पोहोचण्याची असते आणि ती दोनदा देण्याचे कारण नाही. शेवटी कूलंट भरून यंत्रणेतील हवा पूर्ण काढावी लागते. हे काम घाईत उरकल्यास नवा पंप असूनही इंजिन तापते.

नव्या पंपाच्या छिद्रातून पहिल्या काही दिवसांत किंचित ओल दिसू शकते. सील बसले की ती थांबते. न थांबल्यास गाडी पुन्हा दाखवावी. त्यासाठी बिल जपून ठेवावे आणि त्यावर पंप बदलतानाचे किलोमीटर लिहून घ्यावेत.