कच्छचे रण : आपल्या धंद्याच्या माणसाने काय काय पाहावे

कच्छ म्हटले की हल्ली सर्वांच्या डोळ्यांपुढे पांढरे रण येते. चांदणी रात्र, मिठाचे मैदान, उंटगाडी आणि तंबूंचे शहर. हे सर्व तेथे आहे आणि पाहण्यासारखेही आहे. परंतु आम्ही कापडाच्या धंद्यातले. ज्याच्या हाताचा किंवा दुकानाचा कापड, धातू, लाकूड यांच्याशी संबंध आहे त्याने कच्छला चार दिवस काढले तर तीन दिवस गावांना द्यावेत आणि एक दिवस रणाला, असे आमचे मत आहे. प्रवासी कंपन्या नेमके याच्या उलट करतात आणि कारागिरांच्या गावात गाडी अर्धा तास थांबवून पुढे हाकतात.

आधी थोडी जागेची कल्पना. कच्छ हा देशातील सर्वांत मोठा जिल्हा, क्षेत्रफळ ४५ हजार चौरस किलोमीटरहून अधिक. आपल्या राज्यातील सर्वांत मोठा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा त्यात दोनदा मावेल आणि तरीही जागा उरेल. यातील मोठा भाग रणाचा. पावसाळ्यात त्यावर पाणी चढते, पाणी आटले की मीठ वर येते. म्हणून पांढरे रण पाहायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. ऑक्टोबरात गेलेल्यास बहुधा चिखलच पाहायला मिळतो. मुंबईहून वांद्रे टर्मिनसवरून संध्याकाळी कच्छ एक्सप्रेस सुटते, ती दुसऱ्या दिवशी सकाळी भुजला पोचवते. मशीद बंदर, पायधुणी भागात ज्यांची ऊठबस आहे त्यांना या गाडीत अर्धी ओळखीची माणसे भेटतील. कच्छी मेमन, खोजा, भाटिया, लोहाणा यांनी मुंबईच्या बाजारपेठा उभारल्या आणि गावाशी नाते तोडले नाही.

भुजमध्ये मुक्काम ठेवावा. राजवाड्याच्या आवारात आईना महाल आहे, अठराव्या शतकात राव लखपतजींनी बांधून घेतलेला. तो ज्याने घडवला त्या रामसिंह मालम या कारागिराची हकीकत ऐकण्यासारखी आहे. हा मनुष्य समुद्रमार्गे हॉलंडला पोचला, तेथे काचकाम, मीनाकारी, घड्याळांचे काम शिकला आणि परत येऊन कच्छमध्ये ते हुन्नर रुजवले. शेजारचा प्राग महाल एकोणिसाव्या शतकातला, विलायती धाटणीचा. कच्छ म्युझियम १८७७ चे, गुजरातेतील सर्वांत जुने. भुजिया डोंगरावर २०२२ साली स्मृतिवन उघडले, २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी. तेथे जलाशयांच्या भिंतींवर मृतांची नावे कोरली आहेत. घाईने उरकण्याची ही जागा नव्हे.

आता अजरखपूर. भुजपासून पूर्वेला बारा-तेरा किलोमीटर. गाव २००१ च्या भूकंपानंतरचे, पण हुन्नर शेकडो वर्षांचा. हे खत्री मंडळी मूळचे सिंधमधून आलेले. कच्छच्या रावांनी सोळाव्या शतकाच्या सुमारास त्यांना बोलावले आणि वाहत्या पाण्यासाठी त्यांनी सारण नदीकाठी धमडका गाव पसंत केले. नदी पुढे आटली, मग विहिरी आणि बोअरच्या पाण्यावर काम चालले. २००१ च्या भूकंपाने घरे पाडली आणि जमिनीखालचे पाणीही बदलले. पाण्यात लोखंडाचा अंश वाढला.

लोखंडाने काय बिघडते, हे ज्याने रंगाईत हात घातला नाही त्याला पटकन उमगणार नाही. अजरखचे काम हरड्यावर उभे आहे. कापड आधी एरंडेल तेल, सोडा आणि उंटाचे शेण यांच्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवून सुकवतात, म्हणजे ते मऊ होऊन रंग पिते. मग धुऊन हरड्याच्या पाण्यात बुडवतात, त्याने ते पिवळसर दिसू लागते. त्यावर चुना आणि डिंक यांच्या लेपाने सागवानी ठशाची रेख उमटवतात. जेथे हा लेप बसला तेथे कापड शेवटी पांढरे राहते. नंतर काळ्याचा ठसा. हा काळा म्हणजे भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून केलेला अर्क, चिंचोक्याच्या पिठाने घट्ट केलेला. लोखंड हरड्याला भिडले की काळा रंग पक्का होतो. पुढे तुरटीचा ठसा, लाल हवा तेथे. मग नीळीच्या हौदात बुडी, धुलाई आणि शेवटी मंजिष्ठ किंवा अलिझरीनच्या उकळत्या कढईत पाक. तुरटी जेथे लागली तेथे लाल उघडतो. एका थानाला दोन-तीन आठवडे सहज जातात.

जे लोखंड ठशातून काळे देते, तेच पाण्यातून आले तर साऱ्या कापडावर हरड्याला भिडते. पांढरे मळके होते, लाल तपकिरीकडे झुकतो. धमडक्याच्या पाण्याने हे केले. पुष्कळ कुटुंबांनी पाणी तपासून भुजजवळ जमीन घेतली आणि नवे गाव वसवले. नाव दिले मालाचे, अजरखपूर. काही घरे धमडक्यातच राहिली, तेथेही काम चालते. आता अजरखपूरचेही भूजल खोल जात आहे, ही तेथील काळजी. पाण्यावाचून हा धंदा एक दिवस चालत नाही.

या कुटुंबांपैकी मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी रासायनिक रंगांच्या जमान्यात नैसर्गिक रंगांचे काम पुन्हा उभे केले आणि मुलांना शिकवले. त्यांचे पुत्र इस्माईल मोहम्मद खत्री यांना इंग्लंडच्या द मॉन्टफोर्ट विद्यापीठाने २००३ साली मानद डॉक्टरेट दिली. आमच्या उर्दू शाळेतील उस्ताद अजरख हा शब्द अरबी ‘अज़रक’पासून, म्हणजे निळा, असे सांगत. खत्री मंडळींकडे दुसरी व्युत्पत्ती आहे : ‘आज रख’, आजचा दिवस राहू दे. घाई करणाऱ्या गिऱ्हाईकाला ती ऐकवतात. आम्हाला दुसरीच जास्त पटते. अजरखपुरातच ‘श्रुजन’ संस्थेचे कच्छी भरतकामाचे संग्रहालय आहे, तेही पाहावे. जुम्म्याच्या दिवशी ठशाचे काम पाहायला मिळेल असे धरून चालू नये.

येथे दुकानदार बांधवांसाठी दोन शब्द. बाजारात अजरख म्हणून विकल्या जाणाऱ्या कापडात स्क्रीनचा माल बेसुमार आहे. तो यंत्रावर थानामागून थान निघतो, त्यामुळे भाव निम्म्याहून खाली. स्वस्त माल विकणे गुन्हा नाही, पण तो ‘हाताचा’ म्हणून विकणे ही गिऱ्हाईकाची आणि कारागिराची, दोघांची फसवणूक आहे. ओळखायचे कसे? हाताच्या ठशात सांध्यावर कोठे तरी सुतभर फरक पडतोच, रेख दर वेळी तंतोतंत तीच नसते. स्क्रीनमध्ये चूकसुद्धा ठरावीक अंतराने तीच ती येते. उलटी बाजू पाहावी. नीळ आणि लाल कापड बुडवून चढवलेले असल्याने खऱ्या मालात ते मागेही उतरलेले असतात, स्क्रीनच्या मालाची पाठ फिकी पडते. मात्र ठसा एकाच बाजूने मारलेला खरा अजरखही असतो, त्याला नकली म्हणू नये. दोन्ही बाजूंनी ठसा जुळवलेला माल वेगळाच, त्याचा दामही वेगळा. पहिल्या धुण्यात थोडी नीळ सुटते, तीही तक्रारीची गोष्ट नाही.

कच्छच्या अजरखला २०२४ साली भौगोलिक मानांकन, ज्याला जी. आय. म्हणतात, ते मिळाले. यामुळे ‘कच्छ अजरख’ हे नाव तेथील मालाखेरीज इतरांना लावता येत नाही. अजरख बाडमेरलाही होतो, सिंधमध्येही होतो, आणि तोही खराच. फक्त त्याला कच्छचा म्हणता येणार नाही. मालेगाव, भिवंडीच्या आमच्या यंत्रमागवाल्या बांधवांनी ही गोष्ट नीट पाहून यावी. नावाला किंमत कशी येते आणि ती कोण राखतो, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

भुजच्या वायव्येला चाळीसेक किलोमीटरवर निरोणा. एका गावात तीन हुन्नर. पहिला रोगन : एरंडेल तेल तासन् तास उकळून मधासारखे घट्ट करतात, त्यात रंग मिसळतात आणि सळईच्या टोकाने त्याची तार कापडावर सोडतात. सळई कापडाला टेकतही नाही. अर्धे चित्र काढून कापड दुमडले की उरलेले अर्धे आपोआप उमटते. अब्दुल गफूर खत्री यांना यासाठी २०१९ साली पद्मश्री मिळाली. दुसरा लोहारांचा : लोखंडी पत्र्याच्या घंटा, जोड न लावता ठोकून घडवलेल्या, वरून तांबे-पितळेचा मुलामा भट्टीत चढवलेला. नाद हातोडीच्या ठोक्यांनी जुळवतात. ढोराच्या गळ्यातील घंटेवरून मालकाला आपले जनावर दुरून कळावे, हा मूळ उपयोग. तिसरे लाखेचे लाकूडकाम.

तेथून बन्नीचे गवताळ मैदान लागते. येथे म्हशी-उंट पाळणारे मालधारी राहतात, त्यांत बहुसंख्य मुसलमान. मुतवा बायकांचे बारीक टाक्याचे भरतकाम पाहिले की आपल्या बाजारातील ‘कच्छी वर्क’ नजरेतून उतरते. गोल भुंगे पाहावेत. मातीची ही घरे भूकंपात पुष्कळ टिकली, कारण गोल भिंतीवर धक्का वाटला जातो. भिरंडियाराचा मावा खावा. रणाकडे जाणाऱ्यांना परवाना लागतो, कारण सरहद्द जवळ, म्हणून ओळखपत्र बाळगावे. धोरडोचे तंबू महाग आहेत. होडका गावात गावकऱ्यांनी चालवलेला मुक्काम आहे, तेथे पैसा गावातच राहतो. काळा डुंगर हा कच्छमधील सर्वांत उंच भाग, माथ्यावर दत्ताचे देऊळ, आणि पुजारी तेथे रोज कोल्ह्यांना अन्न घालतात.

खावड्याहून रणातून नवा रस्ता धोळावीरेला जातो, दोन्ही बाजूंना नुसते मीठ. धोळावीरा हे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे शहर, २०२१ पासून जागतिक वारसा. आम्हाला तेथील पाण्याचे हौद सर्वांत मोठे वाटले. पाऊस नाही अशा जागी ओढे अडवून ज्यांनी शहराभोवती हौद खणले, त्यांनी मणी घडवून दूरदेशी व्यापारही केला.

पश्चिमेच्या टोकाला लखपत. जमादार फतेह मुहम्मद हा साध्या शिपायापासून चढत कच्छचा कारभारी झालेला मनुष्य, त्याने १८०१ साली येथील कोट बांधून वाढवला. सात किलोमीटरची तटबंदी, आत आज मोजकी घरे. बंदराची रोजची आमदनी लाख कोरी होती असे लोक सांगतात. १६ जून १८१९ च्या भूकंपाने जमीन उचलली, ज्याला ‘अल्लाह बंद’ म्हणतात, आणि सिंधूचे पाणी लखपतपासून तुटले. पाणी गेले, गलबते गेली, पाठोपाठ व्यापारी गेले. पीर घौस मुहम्मद यांचा नक्षीदार मकबरा आणि गुरुद्वारा एकाच कोटात आहेत.

मांडवीला रुक्मावतीच्या काठी अजून लाकडी जहाजे बांधतात. दाबेली इथलीच. आणि परतताना मुंद्र्याजवळ भद्रेश्वरला अवश्य उतरावे. तेथील इब्राहीम यांच्या दर्ग्यावर हिजरी ५५४, म्हणजे इ. स. ११५९-६० चा शिलालेख आहे. दिल्लीत सल्तनत येण्यापूर्वीचा हा दगड. फौजेच्या आधी व्यापारी या किनाऱ्यावर स्थिरावले होते, इथल्या राजांच्या राज्यात मशीद बांधून राहत होते, याची ही लेखी साक्ष. जवळच जैनांचे मोठे तीर्थ आहे. पाहायला अर्धा दिवस पुरतो.

माल घ्यायचा तर शेवटच्या दिवशी घ्यावा, सर्व घरे पाहून झाल्यावर. कारागिराशी घासाघीस करताना त्याचे तीन आठवडे ध्यानात असावेत. नमुन्याचा तुकडा मागून घ्यावा, पक्के बिल घ्यावे आणि ऑर्डर दिल्यास पावसाळ्याचे महिने मुदतीतून वगळावेत. पावसात कापड सुकत नाही.