ग्रामीण समाजाची आघातप्रवणता : संज्ञा आणि मापन

पर्जन्यमान घटले की ग्रामीण समाजाची हानी होते, हे विधान स्थूलमानाने खरे असले तरी शास्त्रीय विवेचनास पुरेसे नाही. एकाच शिवारात, एकाच अवर्षणात एक कुटुंब तग धरते आणि शेजारचे कर्जात बुडते. या तफावतीचे कारण पावसात नव्हे, तर त्या कुटुंबांच्या परिस्थितीत शोधावे लागते. हवामानबदलाच्या अभ्यासात या परिस्थितीस जी इंग्रजी संज्ञा योजिली जाते, तिच्या मुळाशी 'जखम' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. म्हणूनच मराठीत तिला 'आघातप्रवणता' म्हणणे सार्थ ठरते. आघात केवढा, एवढाच येथे प्रश्न नसून तो कोणास किती लागतो, हा आहे.

या संज्ञेची व्याख्या मात्र स्थिर राहिलेली नाही. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाने २००७ च्या अहवालात तिचे तीन घटक मानले : आपत्तीशी येणारा संपर्क, तिच्याविषयीची संवेदनशीलता आणि जुळवून घेण्याची क्षमता. २०१४ च्या अहवालात 'संपर्क' हा घटक निराळा काढून 'जोखीम' या व्यापक कल्पनेत घालण्यात आला. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. पहिल्या व्याख्येने कमी पावसाचा तालुका यादीत वर सरकतो. दुसरीने भरपूर पावसाच्या तालुक्यातील भूमिहीन कुटुंबही तेथे येऊ शकते.

मापनाची एक प्रचलित रीत हान, रीडरर व फॉस्टर यांनी २००९ साली मांडली. मोझांबिकमधील मोमा व माबोते या दोन जिल्ह्यांतील कुटुंबांची पाहणी करून त्यांनी उपजीविका, आरोग्य, अन्न, पाणी, सामाजिक संबंध इत्यादी सात अंगांचे निर्देशक घेतले. प्रत्येक निर्देशकाचे मूल्य त्याच्या किमान व कमाल मर्यादांच्या आधारे ० ते १ या पट्टीवर आणावयाचे आणि मग त्यांची सरासरी काढावयाची, अशी ही पद्धती आहे. गणित सोपे आहे. अवघड आहे ते निर्देशकाची दिशा ठरविणे. घरातील कोणी कामासाठी बाहेरगावी जात असल्यास या पद्धतीत आघातप्रवणता वाढलेली धरली जाते. उलट, बाहेरून येणारा पैसा हे सामर्थ्याचे लक्षण मानणारेही अभ्यासक आहेत.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्र होतो. पावसाळा सरल्यावर ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या क्षेत्रात जातात. जाण्यापूर्वीच मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते. हंगामात ती फिटली नाही, तर बाकी पुढील हंगामावर चढते. अशा कुटुंबास 'मजुरीचे उत्पन्न आहे काय?' असे विचारल्यास उत्तर 'होय' येते आणि ते क्षमतेच्या रकान्यात जाते. वस्तुतः तीच रक्कम कर्जही आहे. तसेच नवरा-बायकोच्या जोडीस मिळून एक 'कोयता' म्हणतात. पाहणी करणाऱ्याने कोयता म्हणजे एक मजूर अशी नोंद केली, तर स्त्रीचे श्रम गणनेतून नाहीसे होतात. त्या काळात गावी राहिलेली वृद्ध माणसे व शाळकरी मुले कोणाच्या आधारावर असतात, हे तर अशा प्रश्नातून कळतच नाही.

तात्पर्य, निर्देशांक म्हणजे दोन दशांश स्थळांपर्यंत काढलेली संख्या असली, तरी तिचा पाया प्रश्नावलीतील शब्दांवर उभा असतो. एतदर्थ प्रश्नावली सिद्ध करण्यापूर्वी त्या प्रदेशातील कामाची, कर्जाची व पाण्याची बोलीतील नावे गोळा करणे, प्रत्येक निर्देशकाची दिशा कोणत्या कारणाने ठरविली ते नमूद करणे आणि दिशा पालटल्यास गावांचा क्रम किती बदलतो हे तपासणे अवश्य आहे. अशा क्रमानुसार विहिरी, विमा व रोजगार यांचे वाटप होणार असेल, तर रकान्यातील एका चुकीच्या खुणेची किंमत अभ्यासकास नव्हे, त्या कुटुंबास द्यावी लागते.