चांदीच्या नाण्यांचं झाड

पानगळ झाली की युरोपातल्या कितीतरी घरांत फुलदाणीत एक वाळलेली फांदी येऊन बसते. तिच्यावर रुपयाहून मोठ्या, कागदाहून पातळ अशा रुपेरी चकत्या लगडलेल्या असतात आणि उजेड त्यांच्यातून आरपार येतो. झाडाचं शास्त्रीय नाव लुनारिया ॲन्युआ. इंग्लंडमध्ये त्याला ऑनेस्टी म्हणतात, अमेरिकेत मनी प्लांट किंवा सिल्व्हर डॉलर, फ्रान्समध्ये पोपची नाणी, तर नेदरलँड्स आणि डेन्मार्कमध्ये जूडासची नाणी. मूळचं ते बाल्कन प्रदेशाकडचं, पण निदान सोळाव्या शतकापासून इंग्लंडच्या बागांत रुळलेलं आहे. 1597 साली जॉन जेरार्डने आपल्या वनस्पतिग्रंथात त्याची दखल घेतली आहे. लोकांचं सगळं लक्ष चकतीकडे गेलं, त्यामुळे झाडाविषयीचे बरेचसे गैरसमजही तिच्याभोवतीच जमले.

गैरसमज: त्या रुपेरी चकत्या म्हणजे वाळलेली फुलं.

फुलाचा या चकतीशी दिसण्यापुरताही संबंध नाही. लुनारियाचं फूल जांभळं, क्वचित पांढरं असतं. त्याला चार पाकळ्या असतात, एकमेकींसमोर अधिकचिन्हासारख्या मांडलेल्या. आत सहा पुंकेसर असतात, त्यातले चार उंच आणि दोन बुटके. ही खूण ज्याने कधी मोहरीचं किंवा मुळ्याचं फूल जवळून पाहिलं असेल त्याला लगेच पटेल, कारण लुनारिया मोहरीच्याच कुळातलं आहे. हे फूल वसंतात येतं. ते गळाल्यावर चपटी, गोलसर, हिरवी शेंग धरते आणि उन्हाळा संपेपर्यंत वाळून तपकिरी होते.

बरं, मग ती चकती म्हणजे शेंगेची साल का? तेही नाही. पुष्कळ बागप्रेमी इथेच थांबतात, आणि खरी गंमत तर इथून पुढे आहे. शेंगेला दोन बाजूंनी दोन झडपा असतात. त्यांच्या मध्ये, एका बारीक कडीवर ताणून बसवलेला एक पडदा असतो आणि तो शेंगेचे दोन कप्पे करतो. बिया कडीपासून निघालेल्या नाजूक देठांना लटकतात आणि पडद्याच्या दोन्ही अंगांना टेकून वाढतात. शेंग पुरती वाळली की झडपा देठाकडून सुटून पडतात, त्यांच्याबरोबर बियाही जातात आणि कडीसकट पडदा मागे उरतो. आपण फुलदाणीत ठेवतो तो हा पडदा, दोन कप्प्यांमधली भिंत. उजेडात धरलात तर त्यावर बिया टेकल्याच्या पुसट खुणाही दिसतात.

असा पडदा मोहरीलाही असतो. वाळलेली मोहरीची शेंग हलक्या हाताने उकला. दोन्ही साली निघाल्यावर मधोमध एक पांढुरकी पातळ पट्टी राहते. शेंग लांबोडकी आणि अरुंद असल्याने पट्टीही तशीच, म्हणून ती कोणाच्या नजरेत भरत नाही. आपल्या लाडवातल्या अळिवाचं झाडही याच कुळातलं आणि त्याची शेंगही चपटी असते. पण ती पडद्याला आडवी चपटी झालेली असते, त्यामुळे तिचा पडदा चिंचोळा राहतो. लुनारियाची शेंग पडद्याला समांतर चपटी होते, म्हणून पडद्याला शेंगेएवढीच रुंदी मिळते. साऱ्या नावांचं आणि कथांचं मूळ चपटेपणाच्या या दिशेत आहे. मला तर चांदीच्या नाण्यापेक्षा ही रचनाच कितीतरी मोलाची वाटते.

चित्रकार व्हॅन गॉगलाही या वाळक्या फांद्यांनी भुरळ घातली होती. नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी राहत असताना, 1884-85च्या सुमारास, त्याने फुलदाणीतल्या लुनारियाचं चित्र काढलं. ते आज ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे.

गैरसमज: नावातच ॲन्युआ आहे, म्हणजे झाड एका वर्षाचं.

हे नाव लिनीअसने 1753 साली दिलं. पुढे मन्श या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1794 मध्ये बायेनिस, म्हणजे दोन वर्षांचं, असं अधिक बरोबर नाव सुचवलं. पण नामकरणाच्या नियमांत आधीचं नाव टिकतं, म्हणून चुकीचंच नाव कायम राहिलं. सर्वसाधारण लुनारिया द्विवर्षायू आहे. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा झुबका येतो. दुसऱ्या वर्षी साठ सेंटिमीटर ते एक मीटर उंच दांडा निघतो, त्यावर फुलं आणि शेंगा येतात आणि झाड संपतं. पहिल्याच वर्षी फुलणारे काही वाण आहेत, पण ते अपवाद. याच वंशातली लुनारिया रेडिव्हायव्हा ही जाती मात्र बहुवर्षायू आहे. तिची फुलं सुवासिक असतात आणि शेंगा दोन्ही टोकांना निमुळत्या.

गैरसमज: द्विवर्षायू आहे ना, मग कुठेही लावा आणि दोन वर्षं धीर धरा.

परदेशातून हौसेने बी आणणाऱ्यांची सर्वांत मोठी निराशा या समजापायी होते, म्हणून इथे जरा थांबायला हवं. लुनारिया वर्षं मोजत नाही. त्याला सलग काही आठवड्यांची कडक थंडी लागते. तिच्यातून गेल्याशिवाय त्याचा शेंडा पानं सोडून कळ्यांकडे वळत नाही. या क्रियेला वासंतीकरण म्हणतात. गव्हाच्या हिवाळी वाणांतही हेच घडतं.

वासंतीकरण झाडाच्या नेमक्या कोणत्या भागात घडतं, हे शोधायला लुनारियाचाच उपयोग झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. वागेनिंगेनचे डच संशोधक वेलेन्सीक यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला लुनारियाची सुटी पानं थंडीत ठेवली आणि मग त्यांच्या देठांपासून नवी रोपं वाढवली. ती रोपं फुलली. पण थंडीनंतर देठाच्या बुडाचा लहानसा तुकडा, म्हणजे जिथे पेशींचं विभाजन चालू असतं तो भाग, कापून टाकला तर उरलेल्या देठापासून आलेली रोपं नुसती पानांवर राहिली. थंडीची आठवण विभाजन होणाऱ्या पेशींत नोंदली जाते, असा निष्कर्ष त्यांनी यातून काढला. शोभेच्या म्हणून हिणवल्या जाणाऱ्या झाडाने विज्ञानाला इतकं मोठं उत्तर द्यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणखी एक गोष्ट त्यांच्याच प्रयोगांतून पुढे आली. अगदी कोवळ्या रोपावर थंडीचा परिणाम होत नाही; आधी त्याला काही आठवडे वाढून तयार व्हावं लागतं. म्हणून बी फ्रिजमध्ये ठेवून मग पेरण्याची युक्ती इथे कामाची नाही.

आता हा हिशेब आपल्या हवेला लावून पाहा. मुंबई, कोकण किंवा गोव्यात अशी थंडी पडतच नाही. पुण्या-नाशकाकडे डिसेंबर-जानेवारीच्या काही पहाटे पारा दहाच्या खाली जातो, पण दुपारी ऊन तापतं आणि पहाटेचा गारवा पुसून टाकतं. तिथे रोप कदाचित जगेल, पानांचा झुबकाही चांगला धरेल. पण नाण्यांची आशा धरू नये. इंग्लंड, जर्मनी किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना मात्र हे झाड विनासायास मिळेल. अर्धवट सावलीतही ते खुशाल वाढतं.

गैरसमज: वाळकी फांदी घरात ठेवली की पैसा येतो.

ही समजूत केवळ आकारावरून आलेली आहे. आपल्याकडे बाटलीत पाण्यावर वाढवतात तो मनी प्लांट निराळाच. तो अळूच्या कुळातला वेल, त्याचा लुनारियाशी काडीचाही संबंध नाही. पैशाबाबत दोघांचं कर्तृत्व सारखंच, म्हणजे शून्य.

गैरसमज: ही वनस्पती कुलपं उघडते आणि घोड्यांचे नाल उपटते.

निकोलस कल्पेपरच्या 1653च्या वनस्पतिग्रंथात असा किस्सा आहे की डेव्हनमधल्या टिव्हर्टनजवळ अर्ल ऑफ एसेक्सच्या घोड्यांचे नाल चंद्रवनस्पतीने उपसून काढले. ही दंतकथा हल्ली लुनारियाच्या नावावर खपवली जाते. ती खरं तर बॉट्रिकियम लुनारिया या छोट्याशा नेच्याची आहे. त्याच्या पानांचे भाग चंद्रकोरीसारखे असतात, म्हणून त्यालाही लुनारियासारखंच चंद्रावरून नाव मिळालं. लोखंड तोही ओढत नाही, पण निदान दंतकथा ज्याची त्याला परत द्यावी.

गैरसमज: बियांचं तेल मेंदूचं औषध आहे.

याच्या मुळाशी थोडं तथ्य आहे, म्हणून हा समज जास्त धोक्याचा. या तेलात नर्व्हॉनिक आम्लाचं प्रमाण साधारण पाचवा हिस्सा भरतं आणि हेच आम्ल आपल्या मज्जातंतूंच्या मायलिन आवरणातही असतं. संशोधकांना त्यात रस आहे तो यामुळे. पण शरीरात एखादा घटक असणं वेगळं आणि तो खाल्ल्याने रोग बरा होणं वेगळं. शिवाय या तेलाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग एरुसिक आम्लाचा असतो आणि खाद्यतेलातल्या या आम्लावर युरोपीय संघाने मर्यादा घातली आहे. बागेतल्या बिया दळून कोणी आजाऱ्याला देऊ नयेत, इतकं मी ठासून सांगेन.

गैरसमज: बागेतलं साधं फूल, त्याने कोणाचं काय बिघडणार?

इंग्लंडमध्ये बिघडत नाही. उलट वसंतात ऑरेंज टिप फुलपाखरू त्यावर अंडी घालतं आणि मधमाश्यांना लवकर मकरंद मिळतो. पण अमेरिकेच्या ओरेगनसारख्या भागात ते बागेबाहेर पडून ओढ्याकाठच्या सावलीत पसरलं आहे, आणि स्थानिक झाडोऱ्याला त्याचा जाच होतो. अशा ठिकाणी शेंगा उकलण्याआधीच दांडे कापावेत. शोभेसाठीही वेळ हीच योग्य, कारण झडपा आपोआप गळेपर्यंत थांबलात तर पावसाने पडदा डागाळतो आणि वाऱ्याने फाटतो. शेंगा तपकिरी झाल्या की फांद्या कापून कोरड्या जागी उलट्या टांगाव्यात. मग अंगठा आणि तर्जनीत शेंग धरून हलकेच चोळली की दोन्ही साली सुटतात. खाली आधी कागद पसरून ठेवावा, म्हणजे बिया वाया जात नाहीत.