कान फुटतो, मग दुखत नाही!

वीणेचं गाव म्हणून तंजावरची ख्याती. मुलांना गाणं-वाजवणं शिकवायचं तर कान तयार हवा, हे तिथल्या मराठी घरांना कुणी सांगायला नको. पण तोच कान वाहू लागला की बऱ्याच घरांत दोन थेंब कोमट तेल घालून विषय मिटवला जातो.

याचं कारण सोपं आहे. पडद्यामागे पू साठतो तेव्हा मूल रात्रभर रडतं. पडदा फाटून पू बाहेर आला की ठणका थांबतो आणि आई निश्चिंत होते. सर्दी होईल तेव्हा कान वाहतो, पुन्हा सुकतो. दुखत नाही म्हणून डॉक्टरही नाही.

पडदा आणि त्यामागची हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन चिमुकली हाडं मिळून आवाजाचा दाब सुमारे २२ पट वाढवून आतल्या कानाकडे पोचवतात. पडद्याला भोक पडलं की हे बळ घटतं. हाडांची साखळीच झिजून तुटली, तर समोरच्याचं नेहमीच्या आवाजातलं बोलणंही नीट कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालानुसार, कान वाहणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांचं ऐकणं लक्षात येण्याइतकं कमी झालेलं असतं. शाळेत अशा मुलाला शेरा मिळतो, ‘वर्गात लक्ष नसते.’

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी (राज्यकाळ १७९८ ते १८३२) धन्वंतरी महालात उपचारांची सोय केली. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जपल्या आहेत. दोनशे वर्षांपूर्वी तिथे रुग्ण तपासून लिहून ठेवत. आपण मात्र शेजारणीच्या सांगण्यावरून कानात लसणाचं तेल ओततो!

वाहत्या कानात तेल, काडी किंवा घरात उरलेलं औषध घालू नका. काही थेंब फाटक्या पडद्यातून आत जाऊन आतल्या कानालाच इजा करतात. अंघोळीपूर्वी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा ठेवा. नदीत डुंबणं बंद. कान-नाक-घसा तज्ज्ञ कान साफ करून थेंब देतात आणि ऐकण्याची चाचणी घेतात. पडदा भरून आला नाही, तर कानावरच्या स्नायूचं पातळ आवरण घेऊन तो शस्त्रक्रियेने सांधता येतो.

घाण वास येणारा थोडा थोडा पू मात्र जास्त धोक्याचा. तो हाड पोखरणाऱ्या रोगाचा असू शकतो आणि तिथे शस्त्रक्रिया टाळता येत नाही. चक्कर आली, तोंड वाकडं झालं किंवा तापासोबत डोकं खूप दुखू लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ऐकणं किती परत येईल, हे हाडं किती शिल्लक आहेत त्यावर बरंचसं ठरतं.